बेचाळीसच्या पुढे

आमच्या मायक्रोस्कोपकडे बघून ‘काय सुंदर पितळ आहे हो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा माझ्या स्टुलावर बसवून रक्ताच्या दहा काचा बघायला लावायला हव्यात. म्हणजे मग पितळेचं कौतुक आपोआप उतरेल.

मी अनंत, कोरगावचा. डिचोलीतल्या एका चार खाटांच्या इस्पितळात रक्त-लघवी तपासायचं काम करतो; ही गोष्ट घडली तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती. मायक्रोस्कोप आमच्या डॉक्टरांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत लिस्बनहून बोटीने आणलेला, जर्मन बनावटीचा. भिंगं अजून लख्ख आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार होती ती स्टेजबद्दल. काच जिच्यावर बसवतात ती चौकट म्हणजे स्टेज. तिला दोन नॉब असतात. एक फिरवला की काच डावी-उजवीकडे सरकते, दुसरा फिरवला की पुढे-मागे. बाजूला मिलिमीटरची पट्टी असते, साठापर्यंत. आमची स्टेज बेचाळीसपर्यंत कशीबशी जायची आणि तिथे म्हैस पाण्यात बसावी तशी बसायची. थंडीच्या दिवसांत तर सकाळी तिला तिसापासूनच जोर लावून ढकलावं लागे.

आता बेचाळीसच्या पुढे असतं काय? रक्ताचा थेंब काचेवर पसरला की शेवटाला त्याचं निमुळतं टोक येतं. मलेरियाचे मोठे जंतू बरेचदा त्या टोकाशी जाऊन जमतात. हे मला शिकवलेलं होतं, मी परीक्षेत लिहिलेलंही होतं. सुरुवातीला मी काच हाताने पुढे ढकलून टोक बघायचो. पण हजार पटीच्या भिंगाखाली बोटाने ढकललेली काच एका धक्क्यात कुठल्या कुठे जाते, काय बघितलं आणि काय राहिलं ते कळत नाही. डोळे दुखायचे, डोकं उठायचं. मग ढकलणं कमी झालं, मग बंदच पडलं. जेवढं दिसतं तेवढं रक्त, असं मी धरून चाललो होतो. अर्थात तेव्हा हे एवढं स्पष्ट मनात नव्हतं. तेव्हा मनात फक्त राग होता.

डॉक्टरांना दोन वर्षं सांगत होतो की ही दुरुस्तीला पाठवा. ते म्हणायचे, ‘अनंत, वडिलांचा हात लागलाय तिला, मुंबईला पाठवली तर परत येईल का?’ पणजीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला की तो ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायचा. त्याचा आठवडा ब्रह्मदेवाच्या पंचांगातला असावा.

मग आला तो बंदचा दिवस, शहाऐंशीच्या डिसेंबरातला. राजभाषा मराठी की कोंकणी ह्यावरून सगळा गोवा पेटलेला. आमचे डॉक्टर मराठीवाले, समोरचा फार्मसीवाला कोंकणीवाला. दोघे भांडायचे मात्र एकाच बोलीत. रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली होती, बस नाही, दुकान नाही. मी चालत आलो होतो आणि आल्या आल्या डोकं तापलेलं होतं.

अशात मंजुळा दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा भैरू आजऱ्याकडचा, सुर्ल्याला खनिजाचे ट्रक भरायच्या कामावर. अकरा दिवस आमच्याकडे पडून होता. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मी तीनदा रक्त बघितलं होतं आणि तिन्ही वेळा रिपोर्टवर ‘मलेरियाचे जंतू नाहीत’ असं लिहिलं होतं. डॉक्टर विषमज्वर समजून औषध देत होते.

“सायेब, आमी जातो आता,” मंजुळा म्हणाली.

“कुठे?”

“गावाकडं. ह्यांच्या चुलतभावाचा ट्रक साखळी गावात अडकून पडलाय. चारला रस्ता सोडत्यात म्हनं. त्यो आला की जातो.”

“फणफणलेला माणूस ट्रकात घालून आंबोलीचा घाट चढणार?”

“मग काय करावं? तीन डाव रगात काढलंसा. काय बी निघालं न्हाई. म्हंजे ह्ये डाक्टराचं न्हवंच. बाहेरचं हाय कायतरी. गावात देवरुशी हाय, त्यो बघंल.”

आमची आया चंद्रावतीबाय बाजूला चादरी घडी घालत होती. इस्पितळात ती माझ्याहून जुनी, माझ्या आईच्या वयाची. ती मान हलवत म्हणाली, “खरां सांगता गो ती. आमच्या मालतीचां तसांच जालां. रगतात कायच ना, आनी ताप काय सोडीना.”

मालती तिची भाची, हळर्णची. मागच्या वर्षीच्या पावसात गेली. एकोणीस वर्षांची होती. तिचाही रिपोर्ट मीच नेऊन दिला होता.

माझ्या रिपोर्टमुळे एक बाई नवऱ्याला देवऋषाकडे न्यायला निघाली होती. मला तिचा राग यायला हवा होता, तो आलाही. पण तिच्या म्हणण्यात चूक काय ती सापडेना. मी तडक डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, “मलेरियाचं औषध देऊन बघूया का? खाणीवरच्या कंपाउंडरने त्याला आधी दोन गोळ्या दिल्या होत्या म्हणतात. त्यामुळे जंतू कमी झाले असतील, दिसत नसतील.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “तूच तीनदा नाही म्हणून लिहिलंस. तुझ्या रिपोर्टवर मी डोळे मिटून चालतो. आता तुलाच शंका आहे का?”

शंका आहे म्हणावं तर नऊ वर्षांच्या सह्या आड येत होत्या. मी म्हटलं, “आणखी एकदा बघतो.”

भैरूने बोट पुढे केलं. सुई टोचली तरी तो हलला नाही, एवढा तो थकला होता. मी काच पसरली, वाळवली, रंगवली आणि स्टेजवर चढवली. अकरा वाजून गेले होते. वीस, तीस, पस्तीस. काही नाही. बेचाळीसला स्टेज बसली. मी दात-ओठ खात नॉब दाबून फिरवला. आत काहीतरी कट्ट वाजलं आणि नॉब रिकामा गरगर फिरू लागला. आता ती पुढेही जाईना, मागेही येईना.

पणजीच्या दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन केला. तो सुखाने म्हणाला, “म्हापशाच्या रस्त्यावर झाडां पाडल्यांत. येऊं कसो? उडून?” रस्ता मोकळा होता तेव्हा दोन वर्षं काय पंख गळले होते, असं विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.

मग मी स्टेज स्वतःच उघडायची ठरवली. हे मला करायचं नव्हतं. जन्मात केलेलं नव्हतं.

पहिली अडचण स्क्रूची. खाचा केसासारख्या बारीक. चंद्रावतीबायच्या शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर घेतला, तो जाड. मागच्या पायरीच्या दगडावर घासून घासून पातळ केला. त्यात अर्धा तास गेला. एक स्क्रू निघाला. दुसरा निघाला आणि टण्णकन उडून जमिनीवर कुठेतरी गेला. मी लोहचुंबक आणून गुडघ्यांवर रांगत सगळ्या खोलीत ते फिरवलं. धूळ आली, दोन टाचण्या आल्या. मग ध्यानात आलं की स्क्रू पितळेचा आहे, चुंबकाला तो काय भीक घालणार. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो आणि जर्मनीपासून पणजीपर्यंत सगळ्यांच्या नावाने खडे फोडले.

स्टेज एकदाची सुटी झाली. दोन पट्ट्या एकमेकींच्या खोबणीत सरकतात, एका पट्टीला बारीक दाते आणि नॉबच्या दांड्याला दातेरी चाक, एवढंच ते यंत्र. पण खोबणी आणि दाते दिसतच नव्हते. त्यावर हिरवट काळं मेणासारखं काहीतरी थापलेलं. मला वाटलं, जुनं जर्मन ग्रीस वाळलं. भिंगावरचं तेल पुसायला आमच्याकडे झायलॉल असतं, त्यात बोळा बुडवून घासलं. वरचा थर पुसला गेला, खोबणीतला दगडासारखा तसाच. माडाच्या झाडूचा हीर तोडून त्याच्या टोकाने खरवडलं. हीर मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला.

थंडीने घट्ट झालंय म्हणून मी ते तुकडे स्टरिलायझरच्या गरम झाकणावर ठेवले. पाच मिनिटांत ते हिरवं मेण पातळ होऊन ओघळलं आणि खोलीभर वास सुटला. तो वास ओळखायला तंत्रज्ञ व्हावं लागत नाही. खोबरेल. खवट झालेलं, वर्षानुवर्षांचं खोबरेल तेल. डिसेंबराच्या सकाळी घरोघरच्या बाटल्यांत गोठतं तेच ते.

आणि मला खंडेनवमी आठवली. दर वर्षी त्या दिवशी इस्पितळातली सगळी हत्यारं टेबलावर मांडायची, कात्र्या, चिमटे, वजनकाटा, सायकल, मायक्रोस्कोप. चंद्रावतीबाय सगळं पुसून फुलं वाहायची, गंध लावायची आणि तेलाचं बोट फिरवायची. मी हात जोडून प्रसाद खायचो.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि भैरू, मंजुळा, बंदमुळे येऊन बसलेला फार्मसीवाला, सगळ्यांसमोर तिला फाडून खाल्लं. म्हटलं, “चंद्रावतीबाय, मायक्रोस्कोप म्हणजे काय तुमची विळी वाटली? तेल घालायला सांगितलं कोणी तुम्हाला?”

तिने चादर खाली ठेवली. आवाज चढवला नाही. “तूच सांगितलंस मरे. पयल्या वर्सा. मी भिंगाक गंध लायतालंय तां तू माजो हात धरलंस. भिंगाक बोट लावूं नाका म्हणालंस, इतकीच हौस आसा तर ह्या दात्यांक लावा, बरे चलतले. नऊ वर्सां भिंगाक बोट लावूंक ना मी. दात्यांक मात चुकूंक ना.”

ती म्हणाली आणि मला ते जसंच्या तसं दिसलं. नवा होतो, कोरा पांढरा कोट होता. बाईंना शास्त्र शिकवल्याच्या रुबाबात मी बोट दाखवलं होतं, इथे लावा म्हणून. आमच्याकडे खोबरेल बिजागरीला चालतं, शिवणयंत्राला चालतं, डोक्याला चालतं. दात्यांना का चालू नये, असा विचारसुद्धा मी केला नव्हता. नंतर विसरूनही गेलो. ती विसरली नाही, कारण तिला सांगितलेलं काम ती करते.

मला माफी मागता आली नाही. मी आत जाऊन पुन्हा खरवडायला बसलो. थोड्या वेळाने ती आली, ओला फडका घेऊन जमिनीवर हाताने पुसत गेली, आणि कपाटाच्या पायामागून काढलेला पितळी स्क्रू माझ्यासमोर ठेवून गेली.

दोन वाजले होते. गरम करायचं, पुसायचं, हीर घालायचा, झायलॉल लावायचं, परत गरम करायचं. बोटं जळत होती. शेवटी खोबणीत पितळ दिसलं. दाते दिसले. एक दाता मुडपलेला होता, सकाळच्या माझ्या जोराने. तो चिमट्याने सरळ केला. आता ग्रीस हवं, आणि बंदच्या दिवशी ग्रीस देतो कोण? बाळंतिणीच्या खोलीतली पांढऱ्या व्हॅसलिनची डबी उचलली. बोटाने लावलं आणि मग जवळजवळ सगळं पुसून काढलं. फार लावलं की त्यात धूळ बसते आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

जोडली. स्क्रू आवळले तर स्टेज हलेना. सैल केले तर आपल्याच वजनाने घसरून खाली आली. पुन्हा आवळले, पुन्हा अडकली. मला वाटलं आता उचलून वाळवंटीत फेकून द्यावी, नदी काही लांब नाही. तिसऱ्या वेळी अर्धा फेरा आवळला आणि पाव फेरा सोडला. नॉब फिरवला. स्टेज सरकत सरकत बेचाळीसवर आली आणि काही न बोलता त्रेचाळीसवर गेली. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. सव्वाचार वाजले होते.

मी सकाळची काच चढवली. भिंगाच्या तेलाचा थेंब टाकला, भिंग टेकवलं आणि सरळ त्रेचाळीसपासून सुरुवात केली. एका पट्ट्यावरून वर, शेजारच्या पट्ट्यावरून खाली. पंचेचाळीस, काही नाही. व्हरांड्यात मंजुळा गाठोडं बांधत होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. सत्तेचाळीसवर तांबड्या पेशीत एक बारीक अंगठी, म्हणजे मलेरियाचा कोवळा जंतू. मग दुसरी. एकोणपन्नासवर एक जंतू वेलची केळ्यासारखा बाक देऊन पडलेला. शंकेला जागाच नव्हती. हा साधा मलेरिया नव्हे, डोक्यात चढतो तो.

मी धावत बाहेर आलो. भैरूला ट्रकच्या फाळक्यावर बसवलेलं होतं, अंगावर घोंगडी. मी म्हटलं, “मंजुळाबाई, थांबा. सापडलं. मलेरियाच आहे. औषध आहे ह्याला.”

तिने माझ्याकडे बघितलं ते खरं वाटून नव्हे. “सकाळी न्हवतं आनि आता हाय?”

“आत या. तुम्हीच बघा.”

ती आत आली. डॉक्टरही मागोमाग आले, आधी त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला आणि ते औषधाच्या कपाटाकडे गेले. मंजुळेने एक डोळा हाताने झाकून बराच वेळ आत बघितलं.

“ह्ये केळ्यावानी?”

“होय.”

“ह्ये आधीबी हुतं?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं? पण मी काचा फेकत नाही, ती माझी खोड. प्रत्येक काचेवर नाव आणि तारीख कोरून लाकडी पेटीत उभी लावून ठेवतो. मी पेटी काढली, भैरूची पहिली काच चढवली, अकरा दिवसांपूर्वीची. नॉब फिरवला. अंगठ्या शेहेचाळीसवर होत्या.

“होतं,” मी म्हणालो.

“मग न्हाई का म्हनलासा?”

“मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो.”

ती रडली नाही, भांडली नाही. दारात जाऊन ट्रकवाल्याला म्हणाली, “तू जा. आमी ऱ्हातो.” मग परत फिरून मला विचारलं, “गोळी कवा देतासा?” डॉक्टर तोवर हातात इंजेक्शन घेऊन वॉर्डात निघाले होते. भैरूला दोघांनी धरून खाली उतरवलं. ट्रक गेला. रात्रीपर्यंत ताप राहील, उद्या-परवा उतरेल, असं डॉक्टर तिला समजावत होते. ती ऐकत होती, पण नजर माझ्यावर होती. ती नजर मला सोसेना म्हणून मी आत आलो.

आत चंद्रावतीबाय माझे तेलकट बोळे गोळा करत होती. दारामागे उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

“अनंता,” ती म्हणाली, “मालतीची काच आसा तुजेकडेन?”

तिला ठाऊक होतं की मी काचा फेकत नाही. ती पेटी माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती, मागच्या वर्षीची, आणि त्यात कोणाची काच कुठे आहे ते मला न बघता सांगता आलं असतं.

“आसा,” मी म्हणालो.

“मग बघ.”

“बाय, आता बघून काय करणार? कशाला?”

“बघ म्हणतंय तुका.”

ती रुग्णाच्या स्टुलावर बसली, हातात ते हिरवे बोळे तसेच. मी पेटी काढली. मालती, हळर्ण, ऑगस्ट. रंग थोडा उतरला होता, पण काच चांगली होती. पसरलेलं रक्त नीट होतं, माझं काम नीट होतं. भिंग टेकवलं. बेचाळीसपर्यंत काही नव्हतं, ते मला ठाऊकच होतं. मग मी पुढे गेलो. स्टेज इतकी सुरळीत चालली होती की आवाजसुद्धा येत नव्हता.

पन्नासवर मी थांबलो. डोळा काढला नाही. ‘ना’ म्हणावं असं फार वाटलं. तेल पडलं म्हातारीच्या हाताने, पण माझ्या सांगण्यावरून. एक ‘ना’ म्हटलं की ती घरी जाऊन निजली असती. नऊ वर्षं मी ह्या स्टुलावर बसून सहज ना म्हणत आलो होतो.

“आसा,” मी म्हणालो.

मग तिने बोळे कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि लुगड्याला हात पुसले. मला वाटलं आता ही उठून जाईल, पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. मला ते चाललं असतं.

तिने फळीकडे बोट दाखवलं. “आनी कोणाकोणाच्यो आसत थंय? जे जिवंत आसत, तांच्यो पयल्या बघ.”

मी दुसरी पेटी खाली काढली. ती एकेक काच पुसून माझ्या हातात देत गेली.